ईना मीना डीका आणि आमची बराक

रॉक अँड रोल म्हटले की तुमच्या डोळ्यांपुढे गिटार, वाढवलेले केस आणि कानठळ्या बसवणारा गोंगाट उभा राहत असेल. माझ्या डोळ्यांपुढे उभी राहते ती उल्हासनगरच्या कॅम्प नंबर १ मधली एक बराक, आणि गोणपाटाच्या पडद्यापलीकडून येणारा शेजारच्यांचा रेडिओ.

हे गाव कसे वसले ते आधी सांगतो. दुसऱ्या महायुद्धात कल्याणजवळ लष्कराने छावण्या बांधल्या होत्या. फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या सुमारे एक लाख निर्वासितांची सोय त्याच छावण्यांत करण्यात आली. ८ ऑगस्ट १९४९ रोजी गव्हर्नर जनरल राजगोपालाचारी यांच्या हस्ते वसाहतीला उल्हासनगर हे नाव मिळाले. लोकांच्या तोंडी मात्र ‘कॅम्प’च राहिले, ते आजतागायत. शहाडला रेयॉनचा कारखाना निघाला, वडील तिथे कामाला लागले आणि आमचे मराठी बिऱ्हाड सिंधी शेजारात येऊन पडले. घरात एक भाषा, ओट्यावर दुसरी, बाजारात तिसरी. आम्हां पोरांची सगळ्यांची मिळून अशी एकच भाषा होती, ती म्हणजे रेडिओवरची गाणी.

पण रेडिओवर तरी गाणी कुठे होती? १९५२ साली डॉ. बा. वि. केसकर नभोवाणी खात्याचे मंत्री झाले. माणूस पुण्याचा, संगीताचा जाणकार. चित्रपटातल्या उडत्या चालींनी लोकांची अभिरुची बिघडते, असे त्यांचे मत होते. त्यांनी गाण्यांना कात्री लावली, चित्रपटाचे नाव सांगायचे बंद केले. ते पाहून निर्मात्यांनीही परवानग्या काढून घेतल्या आणि आकाशवाणीवरून चित्रपटगीते गेली. न्यायाने बोलायचे तर याच केसकरांनी संगीताचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू केला. खेड्यातल्या मास्तरांना थोरामोठ्यांचे गाणे घरबसल्या ऐकायला मिळू लागले, हे ऋण विसरून चालणार नाही. पण तरुण पोरांनी काय केले? रेडिओचा काटा शॉर्ट वेव्हवर नेला आणि थेट सिलोन गाठले. दर बुधवारी रात्री आठला अमीन सयानींची बिनाका गीतमाला. त्या वेळी आमच्या बराकीत भांडण सुरू असले तरी थांबायचे. (हे सगळे आकाशवाणीच्याच पुस्तिकेत लिहितो आहे, याची मला पुरेपूर जाणीव आहे!)

अशा दिवसांत, १९५७ साली, ‘आशा’ हा बोलपट आला, आणि त्यातले ‘ईना मीना डीका’. एकदा किशोरकुमारच्या आवाजात, एकदा आशा भोसल्यांच्या. आम्ही ते पहिल्यांदा ऐकले तेव्हा हातपाय जागेवर राहिनात. का, ते मला फार पुढे कळले. आपण चार मात्रांच्या ठेक्यात पहिल्या मात्रेवर, समेवर, वजन टाकतो. रॉकमध्ये टाळी पडते ती दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेवर. म्हणजे पाऊल टाकावे आणि जमीनच उचलून घ्यावी, तसे वाटते. या ठेक्याचे मूळ काही क्लबात नाही. अमेरिकेच्या दक्षिण भागात कापसाच्या शेतांत राबणाऱ्या कृष्णवर्णीय लोकांच्या गाण्यांपर्यंत ते जाते. बिल हॅले यांच्या वाद्यवृंदाचा ‘रॉक अराउंड द क्लॉक’ हा बोलपट तिकडे १९५६ साली लागला, आणि वर्षभरात तो ठेका आमच्या बराकीत पोचला.

पोचवला कोणी? पुणतांब्याच्या माणसाने. त्या वेळच्या अहमदनगर जिल्ह्यातले पुणतांबे हे रामचंद्र नरहर चितळकर यांचे जन्मगाव. विनायकबुवा पटवर्धनांकडे ते गाणे शिकलेले. सी. रामचंद्र म्हणून जग त्यांना ओळखते. त्यांच्या हाताशी गोव्याचे वादक होते. हळदोण्याचे आंतोनियो झेवियर वाझ ऊर्फ चिक चॉकलेट हे ट्रम्पेटवाले त्यांतलेच. रागदारी एकाची, ट्रम्पेट दुसऱ्याचे, ठेका सातासमुद्रापलीकडचा. ‘ईना मीना’चे बोल सुचले ते म्हणे मुलांच्या खेळातल्या इंग्रजी मोजणीवरून. गुरुजी, तुमच्या शाळेच्या अंगणात पोरे राज्य कोणावर ते ठरवताना जे काही बडबडतात, त्याचा अर्थ कधी कोणी विचारला आहे का?

आमच्या शेजारच्या दादांनी मात्र विचारला. सिंधमधले घर, दुकान, सगळे सोडून आलेला माणूस. संध्याकाळी खाटेवर बसून भगत कंवररामांची भजने गुणगुणायचा. पडद्यापलीकडून हाक आली, “अरे, या गाण्याचा अर्थ काय?” मी म्हटले, “काही नाही, दादा.” तेव्हा ते चिडले नाहीत. एवढेच म्हणाले, की अर्थाची गाणी म्हणत आम्ही इथवर आलो, आणि तुम्हांला अर्थच नको झाला. मी हसलो. तेव्हा मला ते कळले नाही. त्यांच्या भाषेचा मुलूख मागे राहिला होता, उरली होती ती गाणी. आणि त्यांची स्वतःची नातवंडे माझ्याबरोबर बराकीच्या बोळात ईना मीना नाचत होती. अर्थ नव्हता म्हणूनच ते गाणे सिंध्यांचे होते आणि आमचेही होते. दादांना नेमके तेच टोचत असावे.

अभिरुचीचे म्हणाल तर त्याच १९५७ च्या गीतमालेत वर्षभराचे पहिले गाणे ठरले ते ‘जरा सामने तो आओ छलिये’, शिवरंजनी रागाच्या अंगाचे. म्हणजे तीच पोरे दोन्ही ऐकत होती. त्याच वर्षी ऑक्टोबरात आकाशवाणीने विविध भारती सुरू केली आणि चित्रपटगीतांना पुन्हा घरात घेतले.

पुढे २७ जानेवारी १९६३ रोजी दिल्लीत लताबाईंनी ‘ऐ मेरे वतन के लोगो’ गायले. ते रेडिओवर लागले की दादा खाटेवरून उठून उभे राहत. एकदा त्यांनी मला विचारले, ही चाल कोणाची? मी सांगितले, ईना मीनावाल्याचीच. “थट्टा करतोस म्हाताऱ्याची,” म्हणाले. तबकडीवरचे नाव वाचून दाखवतो म्हटले, तर तेही नको. त्यांना स्वतःला ती अक्षरे येत नव्हती. त्यांचे शिक्षण सिंधमधल्या अरबी वळणाच्या लिपीतले. शेवटी ते एकटेच बाजारात गेले, आणि एका दुकानदाराकडून दोन्ही तबकड्यांवरची नावे दोनदा वाचून घेऊन आले.