गिरणीतल्या बाळंतिणीची सात आठवड्यांची रजा



१ जानेवारी २०२५ पासून आपल्या रास अल खैमात खासगी नोकरदारांसाठी आणि घरकामगारांसाठी आरोग्य विमा सक्तीचा झाला. तो काढायचा मालकाने. इथल्या कायद्यात बाळंतपणाची रजाही आहे, ६० दिवसांची. त्यातले ४५ दिवस पूर्ण पगारी आणि १५ अर्ध्या पगाराचे. आपण कागदावर सही करतो आणि विसरून जातो. पण बाळंतिणीला पगारासकट विसावा मिळावा, ही गोष्ट कुठल्याच देशात आपोआप कायद्यात आलेली नाही. आपल्या मुंबईत ती कशी आली, ते आज ऐका.

शंभर वर्षांपूर्वीचं गिरणगाव डोळ्यांपुढे आणा. कोकणातून आणि घाटावरून आलेली माणसं चाळीतल्या एकेका खोलीत दाटीवाटीने राहत होती. गिरणी कामगारांत पाचातली साधारण एक बाई असे. बायका बहुतेक सूत गुंडाळायच्या, रिळं भरायच्या खात्यांत. पोट दिसायला लागलं तरी काम चालू, कारण खाडा झाला की मजुरी बुडाली. बाळंतपणानंतर लवकरात लवकर पुन्हा कामावर. मागे राहिलेलं तान्हं रडू नये म्हणून त्याला बाळगोळी द्यायची. त्या गोळीत अफू असे. १९२१ साली मुंबईत हजार जन्मांमागे साडेसहाशेहून अधिक बालमृत्यू नोंदले गेले. जन्माच्या नोंदी अपुऱ्या असल्यामुळे हा आकडा फुगलेला होता हे खरं, पण तो धरून चालला तरी आणि थोडा कमी केला तरी भयंकरच होता.

१९१९ साली वॉशिंग्टनला आंतरराष्ट्रीय कामगार परिषद भरली. हिंदुस्थानच्या कामगारांच्या वतीने तिथे गेले होते नारायण मल्हार जोशी, मुंबईत सोशल सर्व्हिस लीग काढणारे आपले ना. म. जोशी. परिषदेने ठराव केला की बाळंतपणाआधी आणि नंतर सहा-सहा आठवडे रजा असावी, आणि त्या काळातला खर्च सरकारी तिजोरीतून किंवा विम्यातून यावा. हिंदुस्थान सरकारला मात्र आधी या प्रश्नाचा अभ्यास करायला सांगितलं गेलं.

मुंबई सरकारने डॉ. फ्लॉरेन्स बार्न्स या डॉक्टरबाईंना त्या कामावर नेमलं. त्यांनी गिरण्या आणि चाळी पाहिल्या आणि जे दिसलं ते लिहून काढलं. त्यांचा अहवाल १९२२ साली छापून आला. तोपर्यंत ‘बिचाऱ्या बायका’ म्हणून हळहळणारे पुष्कळ होते. आता सभागृहात टेबलावर ठेवता येईल असा सरकारी कागद तयार झाला होता.

पण नुसत्या कागदाने काम झालं नाही. १९२४ साली जोशींनी दिल्लीच्या मध्यवर्ती कायदेमंडळात प्रसूती लाभाचं विधेयक मांडलं. ते फेटाळलं गेलं. तिथेच विषय संपला असता, पण तो मुंबई कौन्सिलात पुन्हा निघाला. या कौन्सिलात बहुसंख्य सभासद निवडून आलेले असत. १९२८ साली आर. एस. आसवले यांनी तिथे विधेयक आणलं आणि २८ जुलै १९२८ रोजी त्याच्या बाजूने डॉ. बाबासाहेब आंबेडकर बोलले. त्यांचा मुद्दा समजून घेण्यासारखा आहे. आईला बाळंतपणाच्या आगेमागे विसावा मिळणं हे राष्ट्राच्या हिताचं आहे, म्हणून हा भार खरं तर बऱ्याच अंशी सरकारने उचलायला हवा, हे त्यांनी मान्य केलं. पण सरकार उचलत नाही म्हणून मालक सुटत नाही. बाईला कामावर ठेवण्यात त्याचा फायदा आहे, तर त्याने खर्चाचा वाटाही उचलावा.

१९२९ साली कायदा झाला. अशा प्रकारचा तो हिंदुस्थानातला पहिला. बाळंतपणाआधी तीन आठवडे, नंतर चार, असे एकूण सात आठवडे रोज आठ आणे. पाठोपाठ इतर प्रांतांनीही असे कायदे केले. १९६१ साली सगळ्या देशासाठी कायदा आला आणि २०१७ मध्ये पहिल्या दोन मुलांसाठी ही रजा २६ आठवड्यांची झाली.

गोष्ट इथे गोड संपत नाही. सगळा खर्च एकट्या मालकावर पडला, आणि मालकांनी पळवाट शोधली. दिवस गेल्याची चाहूल लागली की बाईला कामावरून काढायचं. १९४६ च्या रेगे समितीच्या अहवालातही या प्रकाराची नोंद आहे. खर्च सरकारने किंवा विम्याने वाटून घ्यावा, हे १९१९ साली सांगितलं गेलं होतं. तो भाग गाळला आणि त्याची किंमत बायकांनी मोजली. आजही भारतात एखादी छोटी कंपनी नवीन लग्न झालेल्या मुलीला नोकरी देताना मनात हिशोब करते, त्याचं मूळ इथे आहे.

मंडळी, एक गोष्ट लक्षात ठेवा. ज्यांच्यासाठी हा कायदा झाला, त्या गिरणीतल्या बहुतेक बायकांना मतदानाचा हक्कच नव्हता. तो तेव्हा मालमत्तेवर ठरत असे. तरीही कायदा झाला, कारण एकीने मोजणी करून लिहून ठेवलं, एकाने हरलेलं विधेयक आधी मांडून ठेवलं, आणि दुसऱ्यांनी ते पुन्हा उचललं.

आपण इतक्या दूर राहून काय करणार, असं आपण म्हणतो. पण भारतीय पासपोर्ट असेल तर अर्ज ६ अ भरून गावच्या मतदार यादीत नाव घालता येतं. मत द्यायला तिथे जावं लागतं, पण आमदाराला पत्र लिहायला विमानाचं तिकीट लागत नाही. फक्त ‘आमच्या गावाकडे लक्ष द्या’ एवढंच लिहू नका. प्राथमिक आरोग्य केंद्रात डॉक्टरची जागा किती महिने रिकामी आहे, बाळंतिणीला किती किलोमीटरवर न्यावं लागतं, ॲम्ब्युलन्स यायला किती वेळ लागतो, हे माहितीच्या अधिकारात विचारा, घरच्यांना विचारा, वहीत मांडा आणि मग पाठवा. त्यावरून आमदाराला विधानसभेत प्रश्न विचारता येतो. पहिल्या पत्राला उत्तर आलं नाही तर दुसरं लिहा. जोशींचंही पहिलं विधेयक पडलंच होतं.

आणि आज घरी आजी असेल, तर तिला विचारा, तिच्या बाळंतपणात तिला किती दिवस विसावा मिळाला होता. उत्तर लिहून ठेवा. पुन्हा भेटू. नमस्कार.