अ‍ॅन आर्बर, १९७४: ‘कसे शोधायचे’ ते ‘काय हवे’



डेटाबेसच्या प्रयोगशाळेत पहिल्याच आठवड्यात तुम्ही सिलेक्ट, फ्रॉम आणि व्हेअर हे तीन शब्द शिकता. क्वेरी लिहिता, एंटर दाबता, उत्तर येते. तोंडी परीक्षेत मी एक प्रश्न हमखास विचारतो: हे उत्तर शोधले कोणी? बरेच जण म्हणतात, “मी, सर.” हे उत्तर का चुकते, ते कळण्यासाठी १९७४ सालच्या एका परिषदेची गोष्ट समजून घेऊ.

१. वाट शोधणारा प्रोग्रामर

१९६०च्या दशकात चार्ल्स बॅकमन यांनी अमेरिकेतील जनरल इलेक्ट्रिक कंपनीत आयडीएस ही डेटाबेस प्रणाली उभी केली. तिच्यात एक रेकॉर्ड दुसऱ्या रेकॉर्डला पॉइंटरने जोडलेले असे. माहिती हवी असेल तर प्रोग्रामरने एका रेकॉर्डवरून दुसऱ्यावर, तिथून तिसऱ्यावर असे स्वतः जायचे. या कामासाठी बॅकमन यांना १९७३चा ट्युरिंग पुरस्कार मिळाला. त्या वेळच्या व्याख्यानात त्यांनी प्रोग्रामरला नाविकाची उपमा दिली: माहितीच्या सागरातून वाट काढणारा.

ही पद्धत वेगवान होती. पण वाट प्रोग्राममध्येच लिहिलेली असे. रेकॉर्डची जोडणी बदलली की त्या वाटेने जाणारे प्रोग्रामही बदलावे लागत.

२. कॉड यांचा आक्षेप

आयबीएमच्या सॅन होजे येथील प्रयोगशाळेत काम करणाऱ्या एडगर कॉड यांनी १९७०च्या शोधनिबंधात वेगळी मांडणी केली. माहिती साध्या टेबलांत ठेवा. डिस्कवर ती कशी साठवली आहे याच्याशी प्रोग्रामरचा संबंध नको. त्याने फक्त काय हवे ते सांगावे.

एक उदाहरण घ्या: ‘आपल्या वरिष्ठापेक्षा जास्त पगार असलेले कर्मचारी शोधा.’ जुन्या पद्धतीत प्रत्येक कर्मचाऱ्याचे रेकॉर्ड वाचा, त्याचा वरिष्ठ गाठा, पगारांची तुलना करा, मग पुढच्या कर्मचाऱ्याकडे या, असा सगळा प्रवास लिहावा लागे. कॉड यांच्या पद्धतीत हे एका ओळीचे काम होते. मात्र ती ओळ गणिती तर्कशास्त्राच्या चिन्हांत होती, आणि ती चिन्हे पाहून अनेक जण दचकत.

३. अ‍ॅन आर्बर येथील मे महिना

मे १९७४मध्ये मिशिगन राज्यातील अ‍ॅन आर्बर येथे एसीएम या संस्थेच्या एका अभ्यासगटाची कार्यशाळा भरली. तिथे बॅकमन आणि कॉड यांच्या पक्षांत जाहीर वादविवाद झाला. कॉड यांच्या बाजूचा मुद्दा होता साधेपणाचा, तर विरोधकांचा वेगाचा: वाट कोणी सांगितलीच नाही, तर यंत्र ती शोधणार कशी, आणि माणसाइतकी चांगली वाट त्याला सापडेल का?

याच कार्यशाळेत डोनाल्ड चेंबरलिन आणि रेमंड बॉइस या आयबीएममधील दोन तरुण संशोधकांचा निबंध होता. त्यांनी गणिती चिन्हे काढून साध्या इंग्रजी शब्दांची भाषा सुचवली आणि तिला ‘सीक्वेल’ म्हटले. लेखापाल, अभियंते, नगररचनाकार अशा प्रोग्रामर नसलेल्या लोकांसाठी ती होती. बॉइस यांचे त्याच वर्षी निधन झाले. भाषेचा पुढचा प्रवास त्यांना पाहता आला नाही. ‘सीक्वेल’ हे नाव एका ब्रिटिश विमान कंपनीचा ट्रेडमार्क असल्याने पुढे ती ‘एसक्यूएल’ झाली. १९८६मध्ये तिला अमेरिकी प्रमाणभाषेचा दर्जा मिळाला.

४. उत्तर पाच वर्षांनी आले

विरोधकांचा प्रश्न चुकीचा नव्हता, हे लक्षात ठेवा. भाषा सोपी झाली म्हणून वाट शोधण्याचे काम संपले नव्हते. ते फक्त प्रोग्रामरच्या खांद्यावरून उतरले होते. दुसऱ्या कोणी तरी ते उचलायला हवे होते.

ते उचलले ऑप्टिमायझरने. आयबीएमच्या सिस्टिम आर या प्रकल्पातील पॅट्रिशिया सेलिंजर आणि त्यांच्या चार सहकाऱ्यांनी १९७९मध्ये बोस्टनच्या सिग्मॉड परिषदेत ही पद्धत मांडली. टेबलात किती रो आहेत, कोणते इंडेक्स आहेत, डिस्कवरून किती पाने वाचावी लागतील, यांचा अंदाज घेऊन प्रत्येक वाटेचा खर्च काढायचा आणि सर्वांत स्वस्त वाट निवडायची. दहा टेबले एकापाठोपाठ एक जोडण्याचे क्रम ३६,२८,८०० होतात. सगळे तपासणे परवडत नाही. म्हणून लहान गटांची उत्तम उत्तरे जपून त्यांवर मोठी उत्तरे रचली जातात. अल्गोरिदमच्या तासाला शिकलेले डायनॅमिक प्रोग्रामिंग ते हेच.

म्हणजे बॅकमन यांचा नाविक गेला नाही. तो डेटाबेसच्या पोटात जाऊन बसला.

५. तुमच्यासाठी यात काय?

आज तुम्ही नव्या साधनांची भाषणे ऐकता. काही साधने टेबलांना ऑब्जेक्टचे रूप देतात, काही साध्या वाक्यावरून क्वेरी लिहून देतात. मंचावर दोन ओळींत काम होते आणि टाळ्या पडतात. पण ऑब्जेक्टच्या साधनाने १०० ऑर्डर आणून लूपमध्ये प्रत्येकीचा ग्राहक वेगळा मागवलात, तर डेटाबेसकडे १०१ क्वेऱ्या जातात. वाट पुन्हा तुम्हीच ठरवता आणि ऑप्टिमायझरला काही करण्याची संधीच उरत नाही.

म्हणून भाषण कितीही आवडले तरी अ‍ॅन आर्बरमधला प्रश्न विचारा: माझे काम कमी झाले, मग ते आता कोण करते आहे, आणि त्याला ते नीट जमते का? साधन वाईट ठरवण्यासाठी हा प्रश्न नाही. १९७४मध्ये तो विचारला गेला, आणि १९७९मध्ये त्याला ठोस उत्तर मिळाले.

सरावासाठी

१. तुमच्या प्रयोगशाळेतील एखाद्या क्वेरीआधी ‘एक्सप्लेन’ लिहून ती चालवा. कोणती वाट निवडली गेली?
२. त्याच टेबलावर इंडेक्स तयार करून पुन्हा पाहा. वाट बदलली का? बदलली नसेल तर का, ते दोन वाक्यांत लिहा.
३. ‘वरिष्ठापेक्षा जास्त पगार’ हा प्रश्न एकदा लूप वापरून आणि एकदा एकाच क्वेरीत सोडवा. पगाराचे टेबल दोन भागांत विभागले, तर कोणत्या उत्तरात किती बदल करावा लागेल?