मक्त्यापासून निविदेपर्यंत : सांगोला आणि लहान नगरपालिकांच्या कंत्राटव्यवहाराचा इतिहास

प्रस्तावना

महाराष्ट्रातील नगरशासनाच्या इतिहासाचे लेखन प्रामुख्याने मुंबई, पुणे, सोलापूर अशा मोठ्या शहरांभोवती फिरत आले आहे. तालुक्याच्या ठिकाणच्या नगरपालिकांकडे अभ्यासकांचे लक्ष त्या मानाने कमीच गेले. वास्तविक यांपैकी काही संस्था वयाने बऱ्याच ज्येष्ठ आहेत. सोलापूर जिल्ह्यातील सांगोला नगरपालिकेची स्थापना १८५५ सालची, म्हणजे १८५७ च्या उठावाच्याही आधीची. २०११ च्या जनगणनेनुसार शहराची लोकसंख्या सुमारे ३४ हजार असून, ४० हजारांहून कमी लोकसंख्येमुळे ही नगरपरिषद 'क' वर्गात मोडते.

दीडशेहून अधिक वर्षांच्या या कालखंडात अशा नगरपालिकांच्या कराराचे स्वरूप मुळापासून बदलले. पूर्वी कंत्राट मुख्यतः उत्पन्न गोळा करण्यासाठी दिले जाई. आज ते मुख्यतः खर्च करण्यासाठी दिले जाते. या उलटापालटीत नगरपालिकेच्या निर्णयाधिकाराचे काय झाले, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे.

मक्त्याचा काळ

सांगोल्याचे नाव मराठ्यांच्या इतिहासात येते ते १७५० च्या सांगोला करारामुळे. छत्रपतींची प्रत्यक्ष सत्ता पेशव्यांकडे जाण्याच्या प्रक्रियेतील हा निर्णायक टप्पा मानला जातो. भरभराटीमुळे या गावाला 'सोन्याचे सांगोले' म्हणत. १८०२ मध्ये होळकरांच्या पठाण सैन्याने ते लुटले, अशी नोंद ब्रिटिशकालीन गॅझेटियरमध्ये आढळते. उत्तर पेशवाईतील, विशेषतः दुसऱ्या बाजीरावाच्या कारकिर्दीतील, इजाऱ्याची पद्धत सर्वश्रुत आहे. ठरावीक रक्कम सरकारात भरावयाची आणि वसुली आपल्या जबाबदारीवर करावयाची, हे तिचे तत्त्व. नगरपालिका हे नवे विलायती यंत्र आले, तेव्हा हे तत्त्व लोकांना अपरिचित नव्हते.

१८५० च्या २६ व्या कायद्यान्वये, रहिवाशांची इच्छा असल्यास, गावात नगरपालिका स्थापन करता येत असे. तिचे सभासद सरकारनियुक्त असत. या संस्थांना घरपट्टीपेक्षा जकात सोयीची वाटे, कारण ती मालाच्या किमतीत मिसळून जाते आणि देणाऱ्याला टोचत नाही. शेजारच्या पंढरपुराला यात्राकराचा मोठा आधार होता. सांगोल्यासारख्या कोरडवाहू मुलुखातील गावाला तो नव्हता. जकातीखेरीज बाजारबैठकीची फी, सोनखताची विक्री, मेलेल्या जनावरांचे हाड-कातडे अशा बारीकसारीक बाबींचे लिलाव करून मुंबई इलाख्यातील लहान नगरपालिका आपला संसार चालवीत.

मक्त्याचा फायदा उघड होता. वर्षारंभीच उत्पन्नाचा आकडा निश्चित होई आणि वसुलीसाठी नोकरवर्ग ठेवावा लागत नसे. तोटाही तितकाच उघड होता. भरलेल्या रकमेपेक्षा जे अधिक मिळेल ते मक्तेदाराचे. साहजिकच बाजारकरी आणि मक्तेदार यांच्यात कटकटी होत. मात्र या व्यवहाराचे एक वैशिष्ट्य दुर्लक्षिले जाते. वस्तू गावाची, बोली बोलणारा बहुधा परिसरातला आणि निर्णय घेणारी सभाही गावातली. १८७६ ते १८७८ च्या दुष्काळाने सोलापूर जिल्हा होरपळला. अशा वर्षी ओस पडलेल्या बाजाराच्या मक्त्यात सूट द्यावी की नाही, हा प्रश्न ज्यांच्यापुढे येई, त्यांना बाजाराची अवस्था प्रत्यक्ष दिसत असे.

संशयाचे कायदे

१८८२ च्या रिपन ठरावानंतर लोकनियुक्त सभासदांचे प्रमाण वाढले आणि त्याबरोबर कायद्याची चिंताही वाढली. १८८४ व १९०१ च्या जिल्हा नगरपालिका कायद्यांचा रोख करार लेखी व विहित नमुन्यात असावा आणि सभासदाचा कंत्राटात हितसंबंध नसावा, याकडे होता. कायद्याने सांगितलेल्या स्वरूपात नसलेला करार नगरपालिकेवर बंधनकारक ठरत नाही, हे मुंबई उच्च न्यायालयाने १९०३ साली त्र्यंबक नगरपालिकेच्या खटल्यात स्पष्ट केले.

येथे पुण्यातील एक उदाहरण उपयुक्त ठरेल. महात्मा जोतीराव फुले १८७६ ते १८८२ या काळात पुणे नगरपालिकेचे सभासद होते आणि स्वतः सार्वजनिक बांधकामांचे कंत्राटदारही होते. बांधकाम खात्यात पैसा कसा मुरतो, हे त्यांना आतून ठाऊक होते. तरीही सभागृहात त्यांचा रोख मुख्यतः दरपत्रकांवर नव्हता. व्हाइसरॉय लिटन यांच्या स्वागतावर १,००० रुपये खर्च करण्यास त्यांनी एकट्याने विरोध केला. मोठ्या खर्चाच्या नव्या मंडईलाही त्यांचा विरोध होता. हा पैसा आधी शिक्षणावर खर्च व्हावा, असे त्यांचे म्हणणे होते. काम कोणाला द्यावे, याच्या आधी ते काम मुळात हवे की नको, हा प्रश्न त्यांनी उपस्थित केला. (पुढे त्याच मंडईला त्यांचे नाव देण्यात आले, हा काळाचा विनोदच म्हणावा लागेल.) नगरपालिकाविषयक कायद्यांनी मात्र 'कोणाला' या प्रश्नाभोवती कुंपण घट्ट करीत नेले. 'काय' हा प्रश्न त्या मानाने मोकळाच राहिला.

स्थानिक निधी लेखापरीक्षेचा कायदा १९३० साली आला. महाराष्ट्र राज्याच्या स्थापनेनंतर १९६५ चा नगरपरिषद अधिनियम आणि १९७१ ची लेखा संहिता यांनी आजची चौकट उभी केली. अंदाजपत्रक, तांत्रिक मान्यता, प्रशासकीय मान्यता, जाहीर निविदा, बयाणा रक्कम, कार्यारंभ आदेश, मोजमाप पुस्तिका अशी ही साखळी आहे. तिच्या एका टोकाला शासननियुक्त मुख्याधिकारी आणि दुसऱ्या टोकाला ठरावाला स्थगिती देऊ शकणारे जिल्हाधिकारी उभे असतात. २०१४ साली तीन लाख रुपयांवरील खरेदी व कामांसाठी ई-निविदा अनिवार्य झाली. मर्यादा घातली की तिच्या आत बसणारी अंदाजपत्रकेही तयार होतात. एका कामाचे तुकडे पाडल्याचा आक्षेप लेखापरीक्षकांना नवा नाही.

या व्यवस्थेने काही साधले नाही, असे म्हणणे अन्यायाचे होईल. निविदा दाखल करण्यासाठी कचेरीची पायरी चढावी लागू नये, ही साधी गोष्टच लहान गावात फार मोठी असते. तथापि ही सारी दक्षता निविदेच्या लिफाफ्याभोवती आहे. लिफाफ्यातील काम कोणी ठरविले, हे तिच्या कक्षेबाहेर राहते.

निर्णयाचे स्थलांतर

१९९३ मध्ये अंमलात आलेल्या ७४ व्या घटनादुरुस्तीने बाराव्या अनुसूचीत १८ विषय दिले. त्यांतील पहिलाच विषय नगर नियोजनाचा आहे. त्यानंतर अवघ्या सहा वर्षांनी, १९९९ मध्ये, राज्यातील नगरपरिषदांची जकात रद्द झाली आणि तिची जागा शासनाच्या सहायक अनुदानाने घेतली. जकात जाचक होती, तिच्या नाक्यांवर गैरप्रकार होत, हे खरे. परंतु तो गावाचा स्वतःचा पैसा होता. अधिकार कागदावर वाढत असतानाच स्वतःचे उत्पन्न घटले, हा योग दुर्लक्षिता येत नाही.

पुढील मोठी कामे योजनांमधून येऊ लागली. २००५ साली लहान व मध्यम शहरांसाठी सुरू झालेल्या केंद्रीय योजनेत साधारणतः ८० टक्के वाटा केंद्राचा, १० टक्के राज्याचा आणि १० टक्के स्थानिक संस्थेचा होता. त्यानंतर राज्याचे नगरोत्थान अभियान आणि २०१५ पासून 'अमृत' योजना आली. अशा योजनेसाठी सविस्तर प्रकल्प अहवाल लागतो. तो सल्लागार संस्था तयार करते. पाणीपुरवठ्याच्या कामात महाराष्ट्र जीवन प्राधिकरणाचा तांत्रिक अधिकार चालतो आणि दर शासकीय दरसूचीतून येतात. निविदा निघते तोपर्यंत कामाचा आकार, खर्च आणि बहुधा त्याची गरजही अन्यत्र निश्चित झालेली असते. सभागृहापुढे उरतो तो मंजुरीचा ठराव आणि दहा टक्क्यांची तजवीज.

सांगोल्यासारख्या अवर्षणप्रवण तालुक्यात पाण्याच्या योजनेला 'नको' म्हणणे कोणालाच शक्य नाही. नळयोजना उभी राहिल्यानंतर तिचे वीजबिल, गळती आणि पाणीपट्टीची वसुली मात्र नगरपरिषदेकडे येते. भांडवली कंत्राटाचा हिशेब तीन-चार वर्षांत मिटतो. देखभालीचा कधीच मिटत नाही.

विकास आराखड्याची कथाही याच अंगाने जाते. १९६६ च्या प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियमाने नगरपरिषद ही नियोजन प्राधिकरण ठरते. 'क' वर्गातील नगरपरिषदेकडे स्वतःचा नगररचना विभाग बहुधा नसल्याने आराखड्याचे तांत्रिक काम शासनाच्या नगररचना विभागाकडे जाते. प्रारूप प्रसिद्ध होते, हरकती व सूचना येतात, सुनावणी होते. शाळेचे मैदान, भाजी मंडई, उद्यान, वाहनतळ अशी आरक्षणे नकाशावर पडतात. त्या जमिनी संपादन करण्यासाठी पैसा लागतो आणि तो तिजोरीत नसतो. अधिनियमाच्या कलम १२७ नुसार दहा वर्षांनंतर जमीनमालक सूचना बजावू शकतो. विहित मुदतीत संपादनाची पावले न उचलल्यास आरक्षण व्यपगत होते. केवळ संपादनाचा प्रस्ताव पाठविणे म्हणजे पाऊल उचलणे नव्हे, असे सर्वोच्च न्यायालयाने २००७ च्या गिरनार ट्रेडर्स खटल्यात बहुमताने ठरविले. मालकाच्या दृष्टीने हा निर्णय न्याय्यच होता. आपली जमीन विनामोबदला अनिश्चित काळ अडकून पडावी, अशी अपेक्षा कोणाकडूनही करता येत नाही. परंतु लहान नगरपरिषदेच्या बाबतीत त्याचा अर्थ असा झाला की, पैसा वेळेत न आल्यास मैदान कोणत्याही ठरावाविना नाहीसे होऊ शकते. त्यासाठी निविदा निघत नाही आणि लेखापरीक्षणात आक्षेपही येत नाही.

सांगोल्याचा रविवारचा जनावरांचा बाजार प्रसिद्ध आहे. त्याचे नियमन कृषी उत्पन्न बाजार समितीकडे असल्याने तेथील उलाढालीवर नगरपरिषदेचा हक्क मर्यादित राहतो. अशा नगरपरिषदांना आजही स्वतःच्या अखत्यारीत देता येण्याजोगी कंत्राटे उरली आहेत ती बाजारबैठकीच्या वसुलीची आणि गाळ्यांच्या भाड्याची, म्हणजे जवळजवळ एकोणिसाव्या शतकातल्या बाबींचीच.