लुधियान्यातील एक मराठी नाव

चंदीगडपासून सुमारे शंभर किलोमीटरांवर लुधियान्यातील एका रुग्णालयाला डॉ. द्वारकानाथ कोटणीस यांचे नाव दिलेले आहे. तेथे उपचार होतात ते चिनी सूचिचिकित्सेचे, म्हणजे सुया टोचून करावयाचे. कोटणीस मात्र शल्यचिकित्सक; सोलापूरचे, मुंबईच्या सेठ जी. एस. वैद्यकीय महाविद्यालयात शिकलेले. मग या विद्येशी त्यांचे नाव जडले कसे?

१९३७ साली जपानने चीनवर आक्रमण केले. सेनापती चू तेह यांनी पंडित नेहरूंकडे साहाय्य मागितले आणि १९३८ च्या सप्टेंबरात काँग्रेसने पाच डॉक्टरांचे पथक धाडले: अलाहाबादचे अटल, नागपूरचे चोळकर, सोलापूरचे कोटणीस आणि कलकत्त्याचे बसू व मुखर्जी. चिनी लोकांनी पाचांनाही नवी नावे दिली; प्रत्येक नावाच्या शेवटी ‘हुआ’, म्हणजे चीन.

येनानला पोहोचण्यापूर्वीच कोटणिसांना वडिलांच्या निधनाची वार्ता कळली. ते परतले असते तर त्यांना कोणीही दोष दिला नसता; पण ते परतले नाहीत. पुढे एकेक करून तिघे मायदेशी आले. उरले कोटणीस आणि बसू. १९४१ साली कोटणीस बेथ्यून आंतरराष्ट्रीय शांतता रुग्णालयाचे प्रमुख झाले. त्याच वर्षी क्वो छिंगलान या परिचारिकेशी त्यांचा विवाह झाला. १९४२ च्या ऑगस्टात झालेल्या पुत्राचे नाव ठेवले ‘यिन हुआ’: भारत आणि चीन. त्याच वर्षी ९ डिसेंबरला अपस्माराच्या झटक्यांनी कोटणिसांचा अंत झाला. वय अवघे बत्तीस.

१९४६ साली शांतारामांच्या चित्रपटाने हे नाव घरोघर पोहोचविले. १९४३ साली परतलेल्या बसूंवर मात्र कोणी चित्रपट काढला नाही. हेच बसू पुढे पुन्हा चीनला जाऊन सूचिचिकित्सा शिकून आले. १९६२ च्या युद्धानंतर चीनशी जोडलेल्या कोणत्याही गोष्टीकडे संशयाने पाहिले जात असताही त्यांनी ती विद्या सोडली नाही, आणि मित्राच्या स्मारकाचे कार्यही वाहिले. त्याच परंपरेतून १९७५ साली लुधियान्याचे केंद्र उभे राहिले. पाटीवर नाव आले ते कोटणिसांचे.

आपण मराठी माणसे त्या नावाचा अभिमान बाळगतो, आणि तो रास्तच आहे. परंतु आपल्याच नागपूरचे चोळकर आपल्यापैकी कितीजणांना आठवतात? परदेशी देह ठेवणाऱ्याला आपण स्मरतो; परतून निमूटपणे काम करणाऱ्याला विसरतो. लुधियान्याची ती पाटी वाचताना कोटणिसांमागे उभे असलेले बसूही दिसावेत.