वैयक्तिक नादारी व कर्जदारांचे संरक्षण (पुणे)

फेडणे अशक्य झालेल्या कर्जातून न्यायालयामार्फत सुटका मिळवण्याची कायदेशीर वाट म्हणजे नादारी. पुणे शहरातील व्यक्तीला त्यासाठी आजही १९२०च्या प्रांतिक नादारी कायद्याखाली जिल्हा न्यायालयात अर्ज करावा लागतो. मुंबई शहराला १९०९चा वेगळा कायदा आहे.

या विषयात पुणे जिल्ह्याचे स्थान महत्त्वाचे आहे. १२ मे १८७५ रोजी, बाजाराच्या दिवशी, सुपे येथे शेतकरी सावकारांच्या घरांवर व दुकानांवर चालून गेले. त्यांचा रोख कागदांवर होता. कर्जरोखे आणि हुकूमनामे (न्यायालयाचे वसुलीचे आदेश) बाहेर काढून जाळले गेले. जिथे सावकाराने ते निमूट दिले तिथे सहसा मारहाण झाली नाही. उठावाचे लोण अहमदनगरपर्यंत गेले, सरकारने आयोग नेमला आणि १८७९मध्ये दख्खन शेतकरी साहाय्य कायदा झाला. पुणे, सातारा, सोलापूर व अहमदनगर या चार जिल्ह्यांतील न्यायाधीशाला रोख्यावरील आकड्यामागे जाऊन मुळात किती रक्कम दिली, व्याज कसे चढले, हे पहिल्यापासून तपासण्याचा अधिकार मिळाला. पैशाच्या हुकूमनाम्यापायी शेतकऱ्याला तुरुंगात टाकणेही थांबले. न्या. महादेव गोविंद रानडे यांनी या कायद्याखाली विशेष न्यायाधीश म्हणून काम केले. सावकारांनी मात्र पळवाट शोधली : गहाणखताऐवजी थेट खरेदीखतच लिहून घ्यायचे.

आजचा पुणेकर कर्जदार बहुधा पगारदार, रिक्षाचालक किंवा छोटा दुकानदार असतो. गृहकर्ज, क्रेडिट कार्ड, पतसंस्थेचे कर्ज आणि मोबाइल ॲपवरची उसनवारी एकावर एक चढते. एक हप्ता भरण्यासाठी दुसरे कर्ज काढले जाते. त्याच्यासाठी आधुनिक कायदा कागदावर आहे. २०१६च्या नादारी व दिवाळखोरी संहितेतील व्यक्तींविषयीचा भाग १ डिसेंबर २०१९पासून लागू झाला, पण केवळ कंपन्यांच्या कर्जाला जामीन राहिलेल्या व्यक्तींपुरता. त्यातील ‘नवी सुरुवात’ ही छोट्या कर्जातून मुक्त करणारी तरतूद गरिबांसाठी म्हणून लिहिलेली; अट मात्र वार्षिक उत्पन्न ६०,००० रुपयांपेक्षा जास्त नको, मालमत्ता २०,०००पेक्षा आणि पात्र कर्ज ३५,०००पेक्षा जास्त नको, शिवाय स्वतःचे घर नको. ती उद्या लागू झाली तरी पुण्यात मोलमजुरी करणारे कुटुंबसुद्धा तिच्यात बसणे कठीण. ही कायद्याची गंभीर उणीव आहे.

१९२०च्या कायद्यानुसार किमान ५०० रुपयांचे कर्ज असलेला माणूस अर्ज करू शकतो. नादार ठरल्यावर त्याची मालमत्ता न्यायालयाच्या किंवा त्याने नेमलेल्या प्रापकाच्या (रिसीव्हरच्या) ताब्यात जाते आणि पुढे मुक्ततेचा वेगळा अर्ज करावा लागतो. सरकारी देणे व फसवणुकीने घेतलेले कर्ज मुक्ततेनंतरही सुटत नाही. न वटलेल्या धनादेशाचा फौजदारी खटलाही नादारीने आपोआप मिटत नाही.

आधुनिक कायदा सर्वांना लागू होईपर्यंत आधार असतो तो विखुरलेल्या तरतुदींचा. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ६०नुसार कपडे, स्वयंपाकाची भांडी, अंथरूण-पांघरूण, कारागिराची हत्यारे आणि धर्माचाराप्रमाणे स्त्रीने अंगावेगळे करू नयेत असे दागिने जप्त करता येत नाहीत. पैशाच्या हुकूमनाम्यासाठी स्त्रीला अटक होत नाही. घरावर टाच आणण्याआधी बँकेला ६० दिवसांची नोटीस द्यावी लागते आणि ताब्याविरुद्ध ४५ दिवसांत कर्जवसुली न्यायाधिकरणात दाद मागता येते. वसुलीवाल्यांनी सकाळी ८पूर्वी व संध्याकाळी ७नंतर फोन करू नयेत, असे रिझर्व्ह बँकेने २०२२मध्ये बजावले. बँकेने तक्रारीला ३० दिवसांत उत्तर दिले नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे विनाशुल्क जाता येते. सहकारी पतसंस्थांचे मात्र वेगळे : सहकार कायद्याच्या कलम १०१खाली उपनिबंधकाने दिलेल्या वसुली दाखल्यावर कर्जदाराइतकाच जामीनदारही धरला जातो, आणि नात्याखातर सही केलेल्या माणसाला हे बहुतेकदा नोटीस आल्यावरच कळते.

खासगी सावकारीवर २०१४चा महाराष्ट्र सावकारी नियमन कायदा आहे. शेतकऱ्याला तारण कर्जावर ९ व विनातारण कर्जावर १२ टक्के, इतरांना १५ व १८ टक्के, ही वार्षिक व्याजाची मर्यादा. विनापरवाना सावकारीला ५ वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. १८७९नंतरच्या त्या खरेदीखतांसारख्या पळवाटेवरचा इलाजही याच कायद्यात आहे : सावकारीपोटी १५ वर्षांच्या आत लिहून घेतलेली जमीन किंवा घर, चौकशीअंती व्यवहार अवैध ठरवून, मूळ मालकाला परत देण्याचा आदेश जिल्हा उपनिबंधक देऊ शकतात.