डुलकी लागली, तर गुन्हा कुणाचा?

मंडळी, पोस्ट लांब आहे. पण घरात म्हातारं माणूस असलेल्या प्रत्येकाचा विषय आहे, म्हणून सवडीनं वाचा.

डिसेंबर २००७. जपानमधलं ओबू शहर. ९१ वर्षांचे एक आजोबा, स्मृतिभ्रंश झालेले. सून बाहेरच्या बाजूला आवरत होती. ८५ वर्षांच्या आजींना बसल्या बसल्या डुलकी लागली, तीही काही मिनिटांची. तेवढ्यात आजोबा घराबाहेर पडले, गाडीत बसले, पुढच्या स्टेशनात उतरले आणि फलाटाच्या टोकाच्या पायऱ्यांवरून रुळांवर गेले. गाडीखाली सापडून ते वारले. गाड्या खोळंबल्या म्हणून रेल्वे कंपनीनं घरच्यांवरच दावा लावला. २०१३ साली नागोयाच्या जिल्हा कोर्टानं आजी आणि थोरला मुलगा यांनी मिळून सुमारे ७२ लाख येन भरावेत, असा निकाल दिला. कारण काय, तर लक्ष ठेवायला हवं होतं!

आणि ही सून म्हणजे कोण? सासऱ्यांचं करायला नवऱ्याला योकोहामात ठेवून एकटी तिथं येऊन राहिलेली बाई. यापेक्षा जास्त लक्ष ठेवायचं म्हणजे नेमकं काय करायचं?

जपानमध्ये हा प्रश्न जुनाच होता. १९७२ मध्ये सावाको आरियोशी या लेखिकेची एक कादंबरी आली. नोकरी करणारी सून आणि भान हरपलेला, घरातून निघून जाणारा सासरा, एवढीच गोष्ट. दहा लाखांहून जास्त प्रती खपल्या. कारण उघड आहे, घरोघरी तेच चालू होतं आणि बोलत कुणीच नव्हतं. पुढच्याच वर्षी सरकारनं म्हाताऱ्यांचे दवाखाने फुकट केले. हेतू चांगला होता, पण झालं भलतंच. घरी करायला कुणी नाही म्हणून लोक म्हाताऱ्यांना इस्पितळातच ठेवू लागले, वर्षानुवर्षं. तिथं त्यांचे हातपाय पलंगाला बांधून ठेवणं ही रोजची रीत झाली. फुकट खाट मिळाली, माया मिळाली नाही.

१९८० मध्ये क्योटोत अशा रुग्णांच्या घरच्यांनीच संघटना काढली. आणि मग ९० च्या दशकात एक वाद झाला, तो मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. सेवेसाठी सरकारी विमा आणायचं ठरत होतं. काहींचं म्हणणं, घरी करणाऱ्याला रोख पैसे द्या. ऐकायला किती बरं वाटतं! पण बायकांच्या संघटनांनी याला कडाडून विरोध केला. पैसे दिले की सून कायमची घरात अडकणार, 'तुला त्याचेच पैसे मिळतात ना' म्हणून ऐकून घेणार. आम्हाला पैसे नकोत, माणूस पाठवा, असं त्यांचं म्हणणं. शेवटी २००० साली विमा सुरू झाला तो तसाच. चाळिशीपासून सगळ्यांनी हप्ता भरायचा, निम्मा खर्च करातून, आणि बदल्यात घरी मदतनीस, दिवसाचं केंद्र, काही दिवस राहायची सोय. केंद्रांमध्ये माणसाला बांधून ठेवायला तत्त्वतः बंदीही आली.

२००४ मध्ये त्यांनी आजाराचं नावच बदललं. जुन्या शब्दाचा अर्थ साधारण 'मूढ, खुळा' असा होता. त्या नावाच्या तपासणीला कोण आपणहून जाईल? नवा शब्द 'आकलनाचा विकार' अशा अर्थाचा. आपल्याकडे 'स्मृतिभ्रंश' हा चांगला शब्द आहे, पण घरात आपण काय म्हणतो? म्हातारचळ. नाहीतर साठी बुद्धी नाठी. मीसुद्धा लहानपणापासून हेच ऐकत आलोय. पुढच्या वर्षापासून तिथं दुकानदार, बँकवाले, शाळेतली पोरं यांना दीड तासाचा वर्ग सुरू झाला. वाट चुकलेल्या आजीशी मागून ओरडून नाही, समोर येऊन हळू बोलायचं, असली साधी शिकवण. आजवर एक कोटीहून जास्त लोक त्यातून गेलेत.

हे सगळं असूनही ओबूच्या आजी कोर्टात होत्या, हेही लक्षात घ्या. हायकोर्टानं मुलाला सोडलं, आजींची रक्कम निम्मी केली. मग १ मार्च २०१६ रोजी सर्वोच्च न्यायालयानं दोघांनाही मोकळं केलं. नुसती बायको आहे, मुलगा आहे, एवढ्यावरून जबाबदारी येत नाही, परिस्थिती बघावी लागेल, असं न्यायालय म्हणालं. निकाल आला तेव्हा आजींनी नव्वदी ओलांडली होती. त्यानंतर कोबे शहरानं तर रहिवाशांच्या करात वर्षाला ४०० येन वाढवले आणि त्यातून मोफत तपासणी आणि अशा अपघातांची भरपाई सुरू केली. शहर पातळीवर, बरं का! आपल्या नगरसेवकांना हे जरूर वाचून दाखवा.

आता योगायोग बघा. ओबूची घटना घडली त्याच डिसेंबर २००७ मध्ये आपल्याकडे आई-वडील व ज्येष्ठ नागरिकांच्या निर्वाहाचा कायदा झाला. मुलांकडून महिना दहा हजारांपर्यंत निर्वाह मागता येतो. म्हाताऱ्यांना वाऱ्यावर सोडलं तर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. प्रत्येक जिल्ह्यात निराधारांसाठी किमान दीडशे जणांचा वृद्धाश्रम असावा, असंही त्यात आहे. चांगलंच आहे. पण जी सून सोडून गेली नाही, रात्र रात्र दाराला पाठ लावून बसते, तिच्या जागी दोन तास कोण बसणार, याबद्दल त्यात एक ओळ नाही.