वीजवाटपाच्या वह्या
विजेचा इतिहास सांगणारे धरणे आणि धुराडी दाखवतात. वीज विकणाऱ्यांनी आपले हिशेब कोठे ठेवले, हे कोणी विचारत नाही. २० जून १९६० रोजी महाराष्ट्र राज्य विद्युत मंडळ स्थापन झाले, तेव्हा माणूस दारोदार जाऊन मीटरचा आकडा टिपी आणि तो खातेवहीत चढे. वाळवी आणि पाऊस हे त्या वहीचे वैरी. पण तिला जपायला वीज लागत नव्हती!

६ जून २००५ ला मंडळ विभागले गेले, महावितरण आले. आता स्मार्ट मीटरने दर १५ मिनिटांनी नोंद केली, तर वर्षाच्या १२ आकड्यांचे ३५,०४० होतात. ते साठवणारी यंत्रे अहोरात्र वीज खातात. त्यांना थंड ठेवायला आणखी वीज. मग जुने पुसून टाका, असे कोणी म्हणेल. हजेरीपट गहाळ झाला की कामगाराचे काय होते, हे आम्ही पाहिले आहे. २००३ च्या वीज कायद्याच्या कलम ५६ प्रमाणे, थकबाकी बिलांत सतत दाखवलेली नसेल तर दोन वर्षांनंतर ती वसूल करता येत नाही. गरीब ग्राहकाने हे सिद्ध करावे कशाच्या जोरावर? जुन्या बिलांच्याच! पंधरा मिनिटांचे तपशील बेरीज करून खुशाल पुसावेत. महिन्याचा आकडा, बिल आणि भरणा यांना हात लावू नये.